थोरला शंख

दोर घ्यायचा होता, बाकी काही नाही. बोटभर जाडीचा, सुती, बारा हात. मालेगावच्या बाजारात दोरवाले धान्याच्या ओळीला लागूनच बसायचे आणि गॅरेजातून तिथवर जायला देवमन मिस्तरीला पाच मिनिटंही लागली नसती. पण तो गेला मागच्या अंगाने, गुरांच्या बाजारातून, शेण तुडवत. धान्याच्या ओळीच्या तोंडाशी गोमतीबाई टोपली घेऊन बसलेली असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

वर्ष होत आलं होतं. दर बाजाराला ती मेडशीकडच्या तांड्यावरून यायची. टोपलीत कधी डिंक, कधी रानातली टेंबरं. दुपारी टोपली रिकामी झाली की उठायची आणि वाशीम रोडला देवमनच्या गॅरेजसमोर कडुलिंबाखाली येऊन बसायची. शिव्याशाप नाहीत, रडणं नाही, मागणं नाही. नुसती बसायची, आणि देवमन बाहेर डोकावला की उठून उभी राहायची. मग देवमनला नेमकं मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं. शेवटची एस.टी. धरायला ती निघून गेली की तो बाहेर यायचा. कुणी तोंडावर थुंकलं असतं तर त्याने ते पुसून टाकलं असतं. या उभं राहण्याचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

ती फुलचंदची बायको, आणि फुलचंद देवमनच्या गॅरेजात मेला होता.

कसा मेला ते सांगायचं तर आधी शंखाचं सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एरवी फुकट जातो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांडीवर दुसरं चक्र बसवायचं, आणि ते दुसरं चक्र इंजिनाच्या छातीत हवा कोंबतं. हवा जास्त, डिझेल जास्त, म्हणून ओढही जास्त. त्याला टर्बो म्हणतात. पण त्याच्या गुंडाळलेल्या आकारामुळे देवमनच्या गॅरेजात त्याला शंख म्हणायचे. नाव फुलचंदनेच पाडलेलं. दुष्काळाच्या साली तो धरणाच्या कामावर दगड वाहायला गेला आणि तीन वर्षांनी मोठाली माती-यंत्रं खोलून परत जोडणारा कारागीर होऊन आला. येताना त्याने भंगाराच्या लिलावातून दोन शंख आणले. एक धाकला, जनरेटरवरचा. दुसरा थोरला, मोडीत काढलेल्या डंपरवरचा, मोठ्या घागरीएवढा.

गिऱ्हाईकही तयारच होतं. मालेगावच्या शालिग्रामभाऊची मोटार म्हणजे हत्तीच्या अंगाची जुनी अमेरिकन गाडी. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन घातलेलं. बारा-चौदा माणसं कोंबून ती अकोल्याला जायची आणि मेडशीच्या पुढे घाट लागला की धापा टाकायची. तेवढ्यात वाशीमच्या मोहनसिंगची गाडी मागून यायची आणि हॉर्न वाजवत पुढे निघून जायची. शालिग्रामभाऊला तो हॉर्न झोपेतही ऐकू यायचा म्हणे. कोणता शंख लावला तर मोहनसिंग मागे पडेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दुसऱ्या एखाद्या मिस्तरीने अंदाजाने ठोकून दिलं असतं. देवमनचं तसं नव्हतं. अमरावतीच्या एका कॉलेजात, जिथे इंजिनं तपासतात तिथे, त्याने तीन वर्षं फरशा पुसल्या होत्या, आणि पुसता पुसता सगळं डोळ्यांनी उचललं होतं. त्याने गॅरेजच्या मागच्या खोलीत तसंच साधन उभं केलं. इंजिन गाडीतून काढून लोखंडी घोडीवर बांधायचं. त्याच्या चक्राला मोठा ढोल जोडायचा. ढोलावर दोराचा दीड वेढा. दोराचं एक टोक तुळईला टांगलेल्या घड्याळी काट्याला, दुसरं खाली फिरकीच्या मुठीला. मूठ आवळली की दोर ढोलाला धरतो, इंजिन दोराला ओढतं, आणि ओढ किती किलोची ते काटा सांगतो. ढोल तापू नये म्हणून वरून पाणी ओतत राहायचं.

काम दोघांचं. मुठीपाशी फुलचंद, त्याची नजर काट्यावर. रेसच्या दांड्यापाशी देवमन, हाताशी वही. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. म्हणून दोघांनी एक रीत पाडून घेतली होती. काट्याचा आकडा फुलचंदने दोनदा म्हणायचा. देवमनने तो एकदा परत म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. 'बंद'लाही तीच रीत. मुठीवाल्याने 'बंद, बंद' म्हटलं की रेसवाल्याने 'बंद' म्हणायचं आणि दांडा खाली टाकायचा. काहून, कायले असलं काही विचारायचं नाही. मुठीवाला यंत्राच्या तोंडाशी उभा असतो आणि रेसवाला लांब, म्हणून.

वहीत तीन रकाने होते. बिनशंखाचा, धाकला, थोरला. पहिले दोन भरले तेव्हा दोघांनी मिळून चहा मागवला होता. धाकला शंख अगदी खालच्या फेऱ्यांपासून, इंजिन हळू फिरत असतानाच, जागा व्हायचा. जिथे नुसतं इंजिन चव्वेचाळीस किलो ओढायचं तिथे तो पंचावन्न ओढून दाखवायचा. थोरल्याचं उलटं. खालच्या फेऱ्यांवर तो बिनशंखाच्या इंजिनापेक्षाही मागे, एकेचाळीसवर लोळत पडलेला. आणि वर गेला की एकदम उठायचा. बावन्न. साठ. चौसष्ट.

"घाटात धाकला बरा," फुलचंद म्हणाला होता. "घाटात जोर खाली लागते. थोरला मेला, वर गेल्याबिगर उठतच नाई."

"पण वर किती जाते ते तं पाहू," देवमन म्हणाला.

कारण दारात शालिग्रामभाऊ उभा होता आणि त्याला सत्तर पाहायचे होते. सत्तर का? सत्तर हा आकडा मोहनसिंगला सांगायला बरा वाटतो म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

गेल्या वर्षीच्या वैशाखातली दुपार होती. काटा चौसष्टवर गेला. फुलचंद म्हणाला, चौसष्ट, चौसष्ट. देवमन म्हणाला, चौसष्ट, आणि लिहिलं. शालिग्रामभाऊ धुराने खोकत बाहेर निघून गेला. मग शंखाचा आवाज बदलला. शीळ होती, तिची किंकाळी झाली. फुलचंदने मान न वळवता म्हटलं, "बंद... बंद..."

देवमन म्हणाला, "बंद."

म्हणाला, सवयीने. आणि दांडा एक खाच वर सरकवला.

थोरला शंख फुटला तेव्हा त्याच्या चक्राचा तळहाताएवढा तुकडा फुलचंदच्या कानाखालून आत गेला. खाली पडतानाही त्याचा हात मुठीवरच होता.

त्यानंतर देवमनने जे केलं त्याला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोलीस आले तेव्हा तो म्हणाला की फुलचंद पिऊन होता. मूठ आवळतच सुटला. मी बंद म्हणून ओरडलो, त्याने ऐकलं नाही. आणि शालिग्रामभाऊने साक्ष दिली. खोटी नव्हे, अगदी मनापासून दिली, कारण बाहेर त्याला खरोखरच देवमनचा 'बंद' ऐकू आला होता. फुलचंदची पाठ दाराकडे होती, त्याचा आवाज इंजिनात बुडून गेला होता.

पिऊन होता, हे पटवायला देवमनला काही करावंच लागलं नाही. तांड्याचा माणूस म्हटल्यावर पंचांनी माना डोलावल्या. कुणी तोंड हुंगून पाहिलं नाही. पोरगी झाली त्या दिवशी फुलचंदने तिच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली होती. सात वर्षांत थेंब घेतला नव्हता. आता तांड्यावर म्हणू लागले की पोरीची शपथ मोडली म्हणून गेला. पोरीलाही पोरं तेच म्हणायची.

याची खरी चीड येते ती अशासाठी, की हे करणारा देवमन होता. त्याचा बाप भिवाजी छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. माणसाच्या जन्मावरून त्याचं खरंखोटं ठरवतात तेव्हा कसं वाटतं, हे मालेगावात कुणाला माहीत असेल तर ते या घराला. वाशीम रोडवर त्याने गॅरेज टाकलं तेव्हा अर्धं गाव ते कधी बंद पडतं याची वाट पाहत बसलं होतं. तुरुंगात गेलो तर सगळे म्हणतील, पाहा, आम्ही म्हणत होतो. हे खरंच होतं. तसं म्हणणारे होतेच. पण जी काठी आपल्या पाठीवर पडत होती तीच त्याने उचलली आणि मेलेल्या मित्राच्या पाठीत घातली, हेही तेवढंच खरं होतं. देवमनला हे दोन्ही कळत होतं. म्हणून तर तो शेण तुडवत जायचा.

आणि आता पुन्हा थोरला शंख. मोहनसिंगनेही मधल्या काळात गाडीला धाकल्यासारखाच एक शंख लावून घेतला होता आणि शालिग्रामभाऊचं अन्न गोड लागत नव्हतं. त्याने नागपूरच्या भंगारातून फुटलेल्याच्या जोडीचा, अगदी तसाच दुसरा शंख शोधून आणला होता.

"रकाना अर्धाच राह्यला ना मिस्तरी," तो म्हणाला. "पुरा करून टाक."

तुलना करायची तर सगळं तेच हवं. तोच महिना, कारण हवेच्या उष्णतेने आकडे बदलतात. तीच भर दुपारची वेळ. तेवढ्याच जाडीचा दोर. माणसंही तीच हवीत, हे देवमनच्या मनात आलं, आणि त्याने ते बाजूला सारलं. मुठीसाठी केनवडचा इंद्रभान आला होता. चाळिशीचा फिटर, पहिलवानी अंगाचा, स्वतःपुढे कुणाचं न ऐकणारा.

"आकडा दोन येळ म्हनायचा," देवमनने त्याला सांगितलं.

"कायले? माहा आवाज काय बारीक हाये?"

"रीत हाये आपली."

"बरं, म्हनतो," इंद्रभान म्हणाला, आणि फिरकीच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. फुलचंद डाव्या बाजूला उभा राहायचा. तिथे भिंत लागते, हात हलवायला जागा नाही, पण काटा समोर दिसतो. देवमनने वही उघडली.

बारा वाजून गेले होते. पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. बाजाराचा गोंगाट उन्हाने दबला होता. मागच्या खोलीला एकच दार, त्यातून पांढराफेक उजेड जमिनीवर पडलेला. भुताखेताच्या गोष्टीत लोक अमावस्या सांगतात. इथे तर धुळीचा कणन् कण दिसत होता.

इंजिन सुरू झालं. आधी पडताळा म्हणून धाकला शंख लावून दोन आकडे घेतले. गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ते अर्ध्या किलोच्या आत जुळले, तेव्हा देवमनला बरं वाटलं. यंत्र खोटं बोलत नाही. मग इंजिन थांबवून, थंड करून, थोरला बसवला.

"एकेचाळीस," इंद्रभान ओरडला. "एकेचाळीस."

"एकेचाळीस," देवमन म्हणाला आणि लिहिलं.

रेस एक खाच वर.

"बावन्न... बावन्न."

"बावन्न."

पाणी ढोलावर पडून त्याची वाफ होत होती. नव्या दोराला वास असतो कापसाचा, दुकानातल्या पोत्यांचा. पण खोलीत वास आला तो जुन्या दोराचा, भिजून जळलेल्या, धुरकट. तो वास देवमनला वर्षभर भाकरीतही यायचा. त्याने वहीत मान घातली.

"साठ... साठ."

"साठ." लिहिता लिहिता त्याला वाटलं, काहीतरी चुकतंय. त्याने इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभान घामाने निथळत होता, तोंड मिटलेलं. देवमनने रेस तशीच ठेवली आणि हात करून ओरडून विचारलं, "दोन येळ म्हनून राह्यला ना?"

इंद्रभानने वैतागून मान हलवली. "एक येळ! पहिले एकदा म्हनलो दोन येळ, मंग घसा बसला. एकदा ऐकू येत नाई का तुले?"

देवमनने वहीतल्या दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं. दोनदा ऐकू आलं होतं. बावन्न दोनदा आणि साठ दोनदा. पहिला आवाज उजवीकडून होता, रांगडा. आणि दुसरा... दुसरा डावीकडून, भिंतीकडून, मान न वळवता म्हटल्यासारखा.

थांबायला हवं होतं. पण थांबून सांगणार काय? बाहेर शालिग्रामभाऊ गाडीच्या बॉनेटला टेकून बसला होता. रकान्यात चौसष्टच्या पुढची जागा कोरी होती. देवमनने दांडा सरकवला.

शंखाची शीळ चढली. इंद्रभानचे ओठ हलले. "चौसष्ट."

आणि डावीकडून, सावकाश, "चौसष्ट."

देवमनचं तोंड आपोआप उघडलं. "चौसष्ट."

मग शिळेची किंकाळी झाली. इंद्रभान काट्याकडे पाहत होता, त्याचे ओठ मिटलेले होते, देवमन त्यांच्याकडे डोळे फाडून पाहत होता. ते हलले नाहीत.

"बंद... बंद..."

"बंद!" देवमन ओरडला आणि या वेळी त्याने दांडा खाली आपटला. पार खाली, शेवटच्या खाचेत.

इंजिन थांबलं नाही.

त्याने डिझेलची चावी फिरवली. नळी उपटून काढली, उरलंसुरलं डिझेल त्याच्या पायावर सांडलं. इंजिन चालतच राहिलं, उलट चढत गेलं, घोडी जमिनीवर नाचू लागली. देवमनच्या ज्ञानात याचं कारण होतं. शंखाची सील गेली की इंजिन स्वतःचंच वंगणतेल पिऊन धावतं, त्याला मग डिझेल लागत नाही, त्याचा श्वास कोंडावा लागतो. ते त्याला ठाऊक होतं आणि त्याचे हात हलत नव्हते. इंद्रभानने मूठ सोडली, कोपऱ्यातली ओली पोती उचलली आणि हवेच्या तोंडावर छातीने दाबून धरली. इंजिन घुसमटलं, दोनदा उसळलं आणि मेलं.

सगळं शांत झालं. पत्र्याची कडकड पुन्हा ऐकू येऊ लागली.

"मरत होतो ना बे आपन!" इंद्रभान खाली बसत म्हणाला. "सील गेली, सील. अन् तू उभा राहून काय पाहून राह्यला?"

देवमन काट्याकडे पाहत होता. ढोल थांबला होता. मूठ सुटलेली होती, दोर ढोलावरून घसरून खाली लोंबत होता. काट्याला कशाचीच ओढ नव्हती. सुई चौसष्टवर उभी होती.

इंद्रभानने वर पाहिलं. "अडकला असन," तो म्हणाला आणि उठून काट्याला एक टपली मारली. सुई शून्यावर आली.

"देवमनभाऊ."

दारात गोमतीबाई उभी होती. उन्हामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती. वर्षात पहिल्यांदा तिने उंबरठा ओलांडला होता.

"आत कोन म्हनलं ते?" ती म्हणाली.

"काय?"

"बंद, बंद."

"कोनीच नाई म्हनलं बाई," इंद्रभान म्हणाला. "मिस्तरी म्हनला एकदा. मी तं तोंडच उघडलं नाई."

ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. "माह्या घरी रोज म्हनते," ती देवमनला म्हणाली. अगदी हळू, घरातली गोष्ट परक्यासमोर बोलताना बोलतात तशी. "दुपारी. भाकर खाऊन पडलं का चुलीपाशी उभं राहून म्हनते. दोन येळ म्हनते, मंग थांबते... लय येळ थांबते. कोनीतरी काहीतरी म्हनन म्हनून थांबते. पोरगी कान झाकून बसते."

देवमनची नजर डाव्या भिंतीकडे गेली.

"मी लय काही म्हनून पाह्यलं. आमच्या बोलीत म्हनलं. सेवालाल महाराजाच्या पाया पडून म्हनलं. भगताले इचारलं. कोनाले ठाऊक नाई. तुमी दोघं संगं काम करत होते, तुमाले ठाऊक असन. म्हनून येतो मी दर बाजाराले." तिने पदर सावरला. "त्यावर काय म्हना लागते?"

तर हे होतं. एवढंच. वर्षभर ती त्याला लाजवायला येत नव्हती, हिशेब चुकता करायला येत नव्हती. तिला एक शब्द विचारायचा होता, आणि हा शूर माणूस मागच्या खोलीत लपत होता.

"बंद," देवमन म्हणाला. "एकदा... बंद म्हना लागते."

"बस?"

"बस."

मग तिने जे विचारलं ते तिला सुचणारच होतं. "मंग त्या दिवशी कोनी म्हनलं नाई का?"

इंद्रभान एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता.

"म्हनलं होतं," देवमन म्हणाला. "मी म्हनलं होतं, वयनी. म्हनलं... अन् बंद केलं नाई."

तिने काही आरडाओरडा केला नाही. "तो दारू पेला होता?"

"नाई."

"हे तांड्यावर येऊन सांगसान? चार मानसांत? माह्या पोरीसमोर?"

"येईन."

"कवा?"

"पुढच्या बाजारी. तुमच्यासंगंच येतो."

त्या वेळी तो खरंच जाणार होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रात्री त्याने धुतलेला सदरासुद्धा काढून ठेवला. पण सकाळ झाली, चहा झाला, शालिग्रामभाऊ आला, धाकलाच लावू म्हणून ठरलं. तांड्यावर सांगितलं तर पोलिसात जाईल. पोलिसात गेलं तर गॅरेज जाईल. बापाला काय वाटेल, समाजाला काय वाटेल. माणसाला मागे फिरायचं असलं की कारणं दाराशी रांग लावून उभी असतात. पुढच्या बाजारी गोमतीबाई कडुलिंबाखाली आली तेव्हा देवमन वाशीमला स्पेअर पार्ट आणायला गेला होता. तसंच त्याच्या पुढच्या बाजारी. तिसऱ्या बाजाराला ती आलीच नाही. मेडशीच्या एका कंडक्टरबरोबर तिने निरोप धाडला. मिस्तरींनी सांगितल्याप्रमाणे तिने जबाब दिला होता, एकदाच, चुलीपाशी उभं राहून. त्या दिवसापासून घरात कोणी काही म्हणत नाही. पोरगी दुपारची झोपते. मिस्तरींनी आता यावं न यावं, त्यांची मर्जी.

देवमनने निरोप ऐकला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. त्या दिवशी दुपारी तो मागच्या खोलीत गेला.

साधन मोडून टाकलं होतं. इंजिन धाकल्या शंखासकट गाडीत गेलं होतं, ढोल भिंतीला टेकवलेला, दोर कधीच फेकून दिलेला. काटा तुळईवरून काढून खिळ्यांच्या पेटीत ठेवला होता. खोलीत भिजून जळलेल्या दोराचा वास होता. आणि डाव्या भिंतीकडून, मान न वळवता म्हटल्यासारखं, दोनदा.

"बंद," देवमन म्हणाला. घाईने, एकदा. तिचा पटला तसा आपलाही जबाब पटेल म्हणून थांबला.

मग पेटी उघडून पाहिली. काट्याच्या हुकाला काही टांगलेलं नव्हतं. सुई चौसष्टवर होती. त्याने टपली मारली. मुठीने ठोकलं. दगडाने ठोकलं. सुई जागची हलली नाही. चुलीपाशी बायको म्हणाली तेव्हा तिच्या म्हणण्यावर फुलचंदने विश्वास ठेवला. हा मिस्तरी काय, म्हणतो, पण करत नाही. हे त्याला एकदा कळून चुकलेलं होतं.

इंद्रभान पुन्हा कामाला आला नाही. केनवडला कुणाला काही बोललाही नाही, हे देवमनचं नशीब. शालिग्रामभाऊची गाडी घाटात तिसऱ्या गिअरवर चढते, मोहनसिंग मागे राहतो, आणि शालिग्रामभाऊ सगळ्यांना सांगतो की देवमनसारखा मिस्तरी अकोल्यातही नाही. गॅरेज जोरात आहे.

फक्त एक गोष्ट देवमनने कोणालाच सांगितलेली नाही. पुढच्या बाजारी त्याने पेटी उघडली तेव्हा सुई पासष्टवर होती. त्याच्या पुढच्या बाजारी सहासष्टवर. मधल्या दिवसांत ती हलत नाही. बाजाराच्या दिवशी अकोल्याची दुपारची एस.टी. गॅरेजसमोर थांबते, मेडशीची माणसं चढतात, कंडक्टर एकदा देवमनकडे पाहतो, मग घंटी मारतो. देवमनला न घेताच गाडी निघून जाते. त्यानंतर पाहावं तर सुई एक किलो पुढे.

त्या दिवशी थोरला शंख फुटला तेव्हा काट्यावर किती होते, हे देवमनला माहीत नाही. काट्याकडे पाहणारा एकच माणूस होता.

आज अडुसष्ट आहेत. बाजार परवा आहे.